मणका ‘बसवून’ घेण्यापूर्वी: सांध्याला दिलेला हिसका शरीरात काय करतो

उसण भरली की गावातल्या पायाळू माणसाला बोलावून कमरेवर हलकी लाथ मारून घ्यायची, ही रीत नाशिक जिल्ह्यातून अजून पुरती गेलेली नाही. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो, आणि त्याच्या पायाला गुण असतो ही समजूत. शहरात तीच गरज सलूनमधल्या चंपीनंतर मान ‘कडक्’ करून भागवली जाते, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींमुळे कायरोप्रॅक्टिक (हातांनी मणक्यांना हिसके देण्याची उपचारपद्धती) हा शब्द आता सिडकोपासून पंचवटीपर्यंत पोहोचला आहे. मी फिजिओथेरपी करतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण दुखणे सांगण्याआधी मागणी सांगतात: “मणक्यात गॅप आहे, तेवढा बसवून द्या.” ही मागणी करण्याआधी वाचावे म्हणून हे लिहीत आहे. हिसक्याने शरीरात नेमके काय होते हे एकदा कळले, की तो आपण घ्यावा का, कुणाकडून घ्यावा आणि घेतल्यावर पुढचे दोन दिवस कसे वागावे, हे ठरवणे अवघड राहत नाही.

हिसका कुठे आणि कसा बसतो

पाठीच्या कण्यात ३३ मणके असतात. त्यांपैकी वरचे २४ एकमेकांवर हलतात (मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५), तर खालचे त्रिकास्थी आणि माकडहाड या रूपाने एकमेकांना जुळून गेलेले असतात. हलणाऱ्या दोन मणक्यांच्या मध्ये पुढच्या बाजूला गादी असते आणि मागच्या बाजूला डावीउजवीकडे एकेक छोटा सांधा असतो, ज्याला फॅसेट सांधा म्हणतात. घडणीने तो गुडघ्याचाच धाकटा भाऊ आहे: हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा, भोवती चिवट पिशवी आणि आत वंगणाचे काम करणारा द्रव. कमरेच्या अशा एका सांध्यात एक-दीड मिलिलिटर द्रव मावतो, इतका तो लहान. कायरोप्रॅक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट कण्याला हिसका देतो तो बहुधा याच सांध्यांसाठी.

आपण स्वतः मान वळवतो तेव्हा ती एका जागी थांबते. दुसऱ्याने हाताने वळवली तर आणखी थोडी पुढे जाते. आणि तिथे ताण जाणवू लागल्यावरही एक अगदी चिंचोळी फट उरते, जिच्यापलीकडे गेले तर सांध्याचे बंध दुखावतात. हिसका द्यायचा तो या फटीत. तो अंतराने लहान आणि वेगाने मोठा असतो. १०० ते २०० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवते न लवते तोच संपतो, त्यामुळे स्नायूंना आवळून विरोध करायला सवड मिळत नाही. जोर मात्र समजतो त्यापेक्षा बराच असतो. प्रयोगशाळेतल्या मोजमापांत मानेला साधारण १०० न्यूटनांच्या आसपास आणि पाठीला ४०० न्यूटनांच्या आसपास जोर लागलेला आढळला आहे, म्हणजे क्षणभर पाठीवर ४० किलोंचा भार. फिजिओथेरपीत ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांच्या पद्धतीप्रमाणे सांधा हलवण्याच्या पायऱ्या मोजतात. पहिल्या चार पायऱ्यांत सांधा हळूहळू, लयीत हलवला जातो आणि रुग्ण कधीही “थांबा” म्हणू शकतो. पाचवी पायरी म्हणजे हिसका, आणि तिच्यात “थांबा” म्हणायला वेळच नसतो. म्हणून संमती आधी द्यायची असते, आणि समजून द्यायची असते.

आवाजाचे गौडबंगाल

तो ‘कट्’ आवाज हाड हाडावर बसल्याचा नव्हे. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटकन दूर गेले की आतल्या द्रवावरचा दाब एकदम उतरतो आणि त्यात विरघळलेला वायू, मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पोकळीच्या रूपाने बाहेर येतो. १९७१ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी असे मांडले होते की आवाज येतो तो बुडबुडा फुटल्याचा. पुढे २०१५ मध्ये कॅनडाच्या ॲल्बर्टा विद्यापीठातल्या चमूने एमआरआय यंत्रात बोट ओढून सांधा मोडतानाची चित्रे टिपली, तेव्हा आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होताना दिसली आणि आवाजानंतरही ती तशीच राहिली. २०१८ च्या एका गणिती मांडणीने मात्र बुडबुडा अर्धवट कोसळल्यानेही तेवढाच आवाज येऊ शकतो असे दाखवले. वाद आहे तो बुडबुड्याच्या जन्माचा की मरणाचा, एवढाच. हाडाचा त्यात संबंध नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

बोटे कडाकडा मोडून पाहा आणि लगेच पुन्हा मोडून पाहा. दुसऱ्यांदा आवाज येत नाही, कारण वायू द्रवात परत विरघळायला साधारण वीस मिनिटे लागतात. कण्याच्या सांध्यांचेही तसेच. म्हणून आवाज आला म्हणजे काम झाले आणि नाही आला म्हणजे फुकट गेले, असे समजू नये. आवाज न येताही आराम पडतो, आणि मोठा आवाज येऊनही दुखणे जसेच्या तसे राहते. चित्रफितींत मायक्रोफोन कपड्यांवर लावून तो आवाज मुद्दाम मोठा ऐकवतात, ते बघणाऱ्याला पटावे म्हणून. त्याचा उपचाराशी काही संबंध नाही.

मग ‘बसते’ काय?

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी १८९५ मध्ये झाली. डॅनियल डेव्हिड पामर या चुंबकोपचार करणाऱ्या गृहस्थांनी हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीतला मणका दाबून त्याचे बहिरेपण घालवल्याचा दावा केला, आणि त्यावरून मणका जागचा हलला की नस दबते व त्यातून बहुतेक रोग होतात, असा सिद्धान्त मांडला. ऐकण्याची नस मेंदूतून निघून कवटीतच कानापर्यंत जाते. पाठीच्या मणक्यांच्या वाटेला ती जातच नाही. तरीही तो सिद्धान्त टिकला, आणि आपल्याकडच्या “गादी सरकली”, “मणका उतरला” या बोलींशी त्याचे चांगले जुळले.

हाड खरोखर हलते का, हे मोजून पाहिले गेले आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० रुग्णांच्या कमरेखालच्या सांध्याला हिसका देण्यापूर्वी आणि नंतर अत्यंत बारकाईने मोजणाऱ्या क्ष-किरण तंत्राने हाडांची जागा तपासली. तपासणाऱ्यांना हातांनी फरक जाणवला होता. मोजणीत हाडांची जागा बदललेली नव्हती. ‘गॅप’चेही, म्हणजे गादीच्या झिजेचेही, असेच आहे. दुखणे अजिबात नसलेल्या लोकांचे एमआरआय एकत्र तपासलेल्या २०१५ च्या आढाव्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गादीत झीज दिसली आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. अहवालात छापलेली झीज हे वयाचे चिन्हही असू शकते, दुखण्याचे कारणही असू शकते. त्यांतले कोणते ते तपासणाऱ्याने ठरवायचे असते, आणि हिसक्याने ती झीज भरून निघत नाही हे नक्की.

बदल होतो तो स्नायू आणि नसांच्या कामात. सांध्याची पिशवी, बंध आणि खोल स्नायू यांत ताण मोजणारी नसांची सूक्ष्म अग्रे असतात. हिसक्याने ती सगळी एकदम जागी होतात आणि मज्जारज्जूकडे संदेशांचा लोंढा जातो. हात आपटला की आपण तो चोळतो, तेव्हा स्पर्शाचे संदेश वेदनेच्या संदेशांना वाट देत नाहीत. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेली दाराची कल्पना ती हीच. हिसक्यानंतर वेदना उतरण्याचे काही अंशी हेच स्पष्टीकरण दिले जाते. आवळून धरलेला स्नायू काही काळ सैल पडतो, सांधा आधीपेक्षा थोडा जास्त वळतो, आणि वळताना भीती वाटेनाशी होते. उपचार करणाऱ्याचा हात, त्याचा विश्वास आणि आपली अपेक्षा यांचाही यात वाटा असतो, आणि मला तो लहान वाटत नाही. हा परिणाम मिनिटांपासून काही दिवसांपर्यंत टिकतो आणि ओसरतो.

मोजमाप म्हणाल तर ते असे. नुकत्याच सुरू झालेल्या कंबरदुखीवरच्या चाचण्या एकत्र करून २०१७ मध्ये अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापलेल्या आढाव्यात सहा आठवड्यांच्या आत वेदना १०० पैकी साधारण १० गुणांनी जास्त उतरलेली दिसली. जुन्या कंबरदुखीत हिसक्याचा गुण व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांइतकाच येतो, असे २०१९ च्या आढाव्यात दिसते. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की हाताने केलेला उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावा, एकटा नव्हे. दमा, मधुमेह, रक्तदाब, पाळीचे विकार किंवा मुलांचे कान दुखणे यांवर हिसका चालतो असे कुणी सांगितले, तर तिथून उठून यावे.

आधी घरी काय तपासावे

हिसका घ्यायला जाण्याआधी भिंतीला एक हात टेकून दहा पावले टाचांवर आणि दहा पावले चवड्यांवर चालून पाहावे. एका पायाचा चवडा उचलला जात नसेल किंवा एका पायावर टाच उचलून धरता येत नसेल, तर नसेची ताकद कमी झालेली असू शकते आणि आधी डॉक्टरांनी पाहायला हवे. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळू लागली असतील, चालताना तोल जात असेल, तर मानेत मज्जारज्जूवर दाब असण्याची शक्यता असते. अशा मानेला हिसका म्हणजे आगीशी खेळ. बसताना जो भाग खुर्चीला टेकतो तिथे बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, दोन्ही पायांत एकदम अशक्तपणा येणे, यांपैकी काहीही झाले तर फिजिओथेरपिस्टकडेही न येता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. त्र्यंबक नाक्याजवळचे जिल्हा रुग्णालय असो की जवळचे खासगी, पण सकाळची वाट पाहू नये. या स्थितीत शस्त्रक्रियेला उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

एक गोष्ट आपल्याकडे विशेष जपावी लागते, ती म्हणजे मणक्याचा क्षय. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे आणि क्षय हाडांत उतरला तर सर्वांत जास्त वेळा कण्यातच उतरतो. संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन, झोपेतून उठवणारी पाठदुखी आणि मणक्यावर एकाच जागी दाबल्यावर कळ, हे एकत्र दिसले तर क्षय किंवा कर्करोग नाही याची खात्री होईपर्यंत पाठीला कुणालाही हात लावू देऊ नये. पोखरलेल्या मणक्याला ४० किलोंचा हिसका बसला तर काय होईल, हे सांगायला नको.

पाळी थांबल्यानंतरच्या स्त्रिया, ज्यांची उंची गेल्या काही वर्षांत कमी झाली आहे असे वृद्ध, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेले रुग्ण यांची हाडे ठिसूळ असू शकतात. आमवात असलेल्यांच्या मानेतला पहिला-दुसरा मणका सैल पडलेला असू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मग त्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या असोत की स्टेंटनंतरच्या, ते न विचारताही सांगावे. या सगळ्यांसाठी हळू हालचालीच्या पहिल्या पायऱ्या असतात, पाचवी नको.

मानेबद्दल वेगळे

कमरेबाबत मी रुग्णाशी चर्चा करतो. मानेबाबत मी बहुतेकदा नाहीच म्हणतो. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या दोन धमन्या मानेच्या सहाव्या मणक्यापासून वर पहिल्यापर्यंत मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून ओवलेल्या असतात, आणि अगदी वरच्या टोकाला वळण घेऊन कवटीत शिरतात. मान झटकन पिळली तर तिथे धमनीचा आतला थर फाटू शकतो, त्यात गुठळी होते आणि ती वर गेली तर पक्षाघात. हे क्वचित घडते. कारण कोणते आणि योगायोग कोणता, यावर संशोधकांत मतभेदही आहेत, कारण धमनी आधीच फाटू लागलेल्या माणसाला मानदुखी होते आणि म्हणूनच तो मान दाखवायला येतो. पण हळू हालचालीने आणि व्यायामाने साधारण तेवढाच गुण येत असताना हा धोका का पत्करावा, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. विद्यार्थिदशेत एका सलूनमध्ये चंपीच्या शेवटी माझीच मान न विचारता पिळली गेली होती, आणि पुढचे तीन दिवस मी मान न वळवता अख्खे अंग वळवून रस्ता ओलांडत होतो. तेव्हापासून खुर्चीत बसतानाच “मान मोडायची नाही” असे सांगतो.

मानेला हिसका घेतल्यावर कधीही न अनुभवलेली मान-डोकेदुखी, गरगरणे, एकाचे दोन दिसणे, बोलणे अडखळणे, गिळताना ठसका किंवा तोंडाची एक बाजू बधिर होणे असे काही झाले, तर झोपून बरे वाटेल म्हणून थांबू नये. लगेच रुग्णालयात जावे आणि मानेला हिसका घेतल्याचे तिथे आवर्जून सांगावे.

कुणाकडे जावे, काय विचारावे

अमेरिकेत कायरोप्रॅक्टरला राज्याचा परवाना लागतो. भारतात या शाखेची स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे पाटीवरच्या शब्दापेक्षा शिक्षण विचारावे. फिजिओथेरपिस्टांची महाराष्ट्रात राज्य परिषदेकडे नोंदणी असते, आणि तो क्रमांक विचारणे हा उद्धटपणा नव्हे. राज्यातल्या फिजिओथेरपीच्या बहुसंख्य पदव्या ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या, ते तर आपल्या म्हसरूळलाच आहे. पहिल्या भेटीत वीसेक मिनिटे प्रश्न आणि तपासणी न करता थेट टेबलावर झोपवणाऱ्याकडे, किंवा पहिल्याच दिवशी चोवीस बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. “हे केले नाही तर दुसरे काय करता येईल?” हा एक प्रश्न विचारून पाहावा. उत्तरात “काहीच नाही” आले, तर उत्तर देणाऱ्याला एकच हत्यार चालवता येते असे धरावे.

टेबलावर, आणि त्यानंतर

मागच्या ऑक्टोबरमध्ये दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार आले. गोडी छाटणीचे दिवस, मांडवाखाली मान आणि कंबर मागे टाकून हात वर, हातात कात्री, असे सलग सहा दिवस. कमरेच्या उजव्या बाजूला चमक भरली होती. पायात कळ नव्हती, ताकद शाबूत होती, ताप नव्हता. पुढे वाकले तर बोटे गुडघ्यांपाशीच थांबत होती. त्यांना डाव्या कुशीवर झोपवले, खालचा पाय सरळ, वरचा गुडघ्यात दुमडून त्याचे पाऊल खालच्या गुडघ्यामागे अडकवले. एक हात त्यांच्या खांद्यावर, माझे दुसरे मनगट त्यांच्या कुल्ल्याच्या वरच्या अंगाला. खांदा मागे आणि कंबर पुढे अशी हळू पिळण देत त्यांना विचारत राहिलो की पायात काही उतरते का. इथे कळ पायात उतरली असती तर मी थांबलो असतो. श्वास सोडायला सांगितला, आणि तो संपता संपता माझ्या अंगाचा भार एकदाच खाली सोडला. आत दोनदा कट् झाले. ते उठले, वाकले, बोटे नडगीच्या निम्म्यावर आली. “बसला!” ते म्हणाले.

बसले काहीच नव्हते. आखडलेला स्नायू सुटला होता. म्हणून त्यांना घरी न पाठवता पंधरा मिनिटे तिथेच चालायला लावले आणि पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेण्याचे दहा फेरे करून घेतले, कारण सैलावलेला सांधा वापरला नाही तर रात्रीतून पुन्हा आखडतो. हिसक्यानंतर सुमारे निम्म्या लोकांना एक-दोन दिवस ठणका, थकवा किंवा डोके जड होणे जाणवते आणि ते आपोआप जाते. त्यासाठी कोमट शेक पुरतो. त्या दिवशी पाण्याचे जार उचलू नयेत आणि मुंबईचा प्रवास शक्यतो टाळावा. कसारा घाट उतरून तीन-चार तास गाडीत आखडून बसणे हे उपचाराच्या उलटे काम आहे. मात्र दिवसभर अंथरूणही धरू नये. दोन दिवसांनी ठणका वाढतच गेला, पायात नव्याने कळ उतरली किंवा बधिरपणा आला, तर तो “विष बाहेर पडण्याचा” भाग नाही. पुन्हा तपासून घ्यावे.

बैठका किती, असा प्रश्न हमखास येतो. मी दोन ते तीन सांगतो, आठवड्याच्या अंतराने. तेवढ्यात वाकणे, बसणे किंवा झोप यांपैकी एकातही मोजता येईल असा फरक पडला नाही, तर चौथ्यांदा हिसका देऊन तो पडणार नाही, आणि निदान पुन्हा पाहावे लागते. फरक पडला तरी चौथी बैठक व्यायामाचीच असते. बागायतदारांना तीही लागली नाही. त्यांनी उरलेल्या छाटणीसाठी मजबूत लाकडी खोकी करून घेतली, जेणेकरून काडी डोक्यावर न राहता डोळ्यांसमोर यावी, आणि एक ओळ संपली की कात्री कमरेला खोचून दोन मिनिटे पुढे वाकून उभे राहायचे, असे मजुरांनाही लावून दिले.